मागच्या चाकातून झिरपणारं तेल: एसयूव्हीचं एक्सल सील घरच्या घरी बदलताना

अंगणातल्या शहाबादी फरशीवर गाडीखाली रुपयाएवढा तेलाचा डाग पडला की आपण फरशी पुसतो. दुसऱ्या दिवशी परत पडला की गाडी हातभर पुढे घेऊन लावतो. मीही तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढायला लागली, तेव्हा कुठे खाली वाकून पाहिलं. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला मधून कडेकडे गेलेले काळे ओघळ होते, सायकलच्या आऱ्यांसारखे. तेल चाकाच्या आतून येत होतं आणि चाक फिरताना बाहेर फेकलं जात होतं. एक्सलचं ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, गेलं होतं.

ते सील मी दोनदा बदललं. पहिल्यांदा काम नीट झालं होतं, तरी दोन महिन्यांत पुन्हा ओघळ आले. का आले ते पुढे सांगतो, कारण हा लेख लिहिण्यामागे तेच आहे.

कुठल्या गाड्यांचं हे काम

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, जिप्सी, जुनी सफारी अशा गाड्यांना मागे अखंड एक्सल असतो. मधे डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांचा गोळा आणि दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्या. मेस्त्री लोक या सगळ्याला मिळून ‘हाउसिंग’ म्हणतात. नळीतून एक्सल शाफ्ट चाकापर्यंत येतो आणि नळीच्या टोकाशी बेअरिंग आणि सील असतं. त्या सीलबद्दल हा लेख आहे. हॅरियर किंवा क्रेटासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्ट थेट गिअरबॉक्समधून निघतात. तिथलं सील बदलायची पद्धत वेगळी, ते इथे नाही.

आधी तेल ओळखा

चाकाच्या आतून ओघळ आला म्हणजे डिफरन्शियलचंच तेल असं नाही. ब्रेकच्या ड्रममधला व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ढकलणारा) फुटला तरी असाच ओला गोंधळ होतो, आणि मग सगळं खोलून चांगलं सील बदलून बसाल. बोटावर घेऊन बघा. गिअर ऑइल घट्ट आणि चिकट असतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा घेतलात तर आयुष्यात चुकणार नाही असा. ब्रेक ऑइल पातळ असतं. शंका वाटली तर एक थेंब वाटीभर पाण्यात टाका: ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, गिअर ऑइल वर तरंगतं. हात लगेच धुवा. ब्रेक ऑइल कातडीला वाईट आणि गाडीच्या रंगाला त्याहून वाईट.

तेल गिअरचं निघालं तर गाडी उभी करा. तेलात भिजलेले ब्रेक लायनर पकडत नाहीत, आणि घाट उतरताना ही गोष्ट लक्षात येणं महागात पडतं.

तुमचा एक्सल कोणत्या जातीचा

हे आधी ठरवलं नाही तर रविवारी दुपारी अर्धी गाडी खोलून बसाल. दुरुस्तीचं पुस्तक मिळालं तर उत्तम. नाहीतर सुट्या भागांच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि साल सांगून सीलचं आणि बेअरिंगचं चित्र बघून घ्या.

पहिल्या जातीत बेअरिंग शाफ्टवर कॉलरनं, म्हणजे घट्ट लोखंडी कडीनं, दाबून बसवलेलं असतं आणि सील त्याच्या आतल्या बाजूला, नळीतच राहतं. शाफ्ट ओढला की बेअरिंग त्याच्याबरोबर येतं, सील नळीत दिसतं. हे काम घरी होतं.

दुसऱ्या जातीत सील शाफ्टवरच, बेअरिंग आणि फ्लँजच्या (चाक बसतं त्या चकतीच्या) मधे अडकलेलं असतं. त्यासाठी कॉलर आणि बेअरिंग काढावं लागतं आणि ते हायड्रॉलिक प्रेसवरचं काम आहे. शाफ्ट घरी काढा आणि लेथवाल्याकडे न्या. कॉलर गॅस कटरनं तापवून काढतो म्हणणाऱ्याकडून शाफ्ट परत घेऊन या. तापलेल्या शाफ्टचा कडकपणा जातो. आणि काढलेली कॉलर पुन्हा बसवायची नाही, कितीही ठणठणीत दिसली तरी. चाकासकट शाफ्ट जागेवर धरून ठेवते ती हीच.

तिसऱ्या जातीत शाफ्ट आतून, डिफरन्शियलमधे एका सी आकाराच्या क्लिपनं अडकवलेला असतो आणि तो काढायला मागचं झाकण उघडावं लागतं. अमेरिकी गाड्यांत ही पद्धत फार. इथून पुढे पहिल्या जातीचं सांगतो.

सामान

जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड. सॉकेटचा सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं नट आवळायचा पाना), लांब टॉमी (लोखंडी पहार), एमरी पेपर, ब्रेक क्लीनर, नरसाळं, तेल झेलायला पसरट घमेलं, भरपूर चिंध्या. सील ठोकायला त्याच्या बाहेरच्या व्यासाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा.

सील दोन्ही बाजूंची घ्या. एक गेलं की दुसऱ्याचंही वय तेवढंच. सीलच्या तोंडावर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिलिमीटरमधे. जुनं सील निघेपर्यंत नवं फोडू नका, आकडे जुळवून मगच पाकीट उघडा. लायनरचा सेट आधीच आणून ठेवा. तेल प्यालेले लायनर पेट्रोलनं धुऊन, उन्हात ठेवून, भट्टीवर भाजून वापरणारे लोक आहेत. पहिल्या जोरदार ब्रेकला लायनर तापला की मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. बदलायचे, आणि दोन्ही चाकांचे, नाहीतर गाडी ओढायची ती ओढतच राहील.

तेल जीएल-५ प्रतीचं. बऱ्याच गाड्यांना ८०डब्ल्यू-९० चालतं, पण पुस्तकात लिहिलंय तेच घ्या. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) असेल तर त्याचं तेल वेगळं असतं.

गाडी उचलणं

इथे घाई करू नका. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि ड्रम काढायला तो सोडावाच लागतो. ‘गिअरमधे टाकून ठेवलीय की’ असं म्हणून बरेचजण एकच मागचं चाक उचलतात. आता डिफरन्शियलचं कामच मुळी दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणं. इंजिननं प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून डिफरन्शियलकडे येणारा लांब दांडा) अडवून धरला तरी हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं पुढे. म्हणजे गाडी गिअरमधे असूनही चालायला लागते, आणि तुम्ही तिच्याखाली असता.

म्हणून सपाट, कडक जमीन बघा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग मागची बाजू उचलून हाउसिंगच्या दोन्ही नळ्यांखाली घोड्या लावा. नळीवरून गेलेला ब्रेकचा पाइप घोडीखाली चेंगरत नाही ना, ते बघा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करायचं नाही. विटा रचून तर नाहीच. वीट आधी सांगून फुटत नाही. खाली जाण्याआधी गाडीला कमरेनं एक जोराचा धक्का द्या. हलणार असेल तर आत्ताच हलू दे.

तेल काढणं

डिफरन्शियलला दोन प्लग असतात, वरचा भरायचा आणि खालचा काढायचा. आधी वरचा उघडून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालून सगळं तेल काढून टाकलंत, तर गाडी जागेवर खिळली. वरचा उघडला की मगच खालचा.

तेल घमेल्यात पडताना लक्ष ठेवा. प्लगवरच्या चुंबकाला राखाडी लोण्यासारखा बारीक चुरा चिकटलेला असणं ठीक आहे. खपल्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर आतलं काहीतरी झिजतंय किंवा तुटतंय आणि सील ही लहान गोष्ट झाली. तेल चहासारखं दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. हेही लक्षात ठेवा, ब्रीदरशी, म्हणजे हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणाऱ्या टोपीशी, याचा संबंध आहे.

ड्रम आणि शाफ्ट

चाक काढा, हँडब्रेक सोडा. ड्रम सुखासुखी निघाला तर नशीब. नाही निघाला तर बऱ्याच ड्रमांवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात मापाचे बोल्ट आळीपाळीनं पिळत जा. ड्रम सुटून बाहेर सरकतो. तो बिडाचा असतो, कडेवर हातोडा मारलात तर टवका उडेल. आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेनं उडवू नका, ब्रेक क्लीनरनं भिजवून पुसा. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

ब्रेकची जोडणी सोडण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या हे संध्याकाळी आठवत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी खोलू नका म्हणजे एक नमुना समोर राहतो.

आता शाफ्टच्या फ्लँजवरच्या भोकातून किंवा ब्रेक प्लेटच्या मागून चार नट दिसतील. एबीएस असेल तर त्याचा सेन्सर आधी काढून बाजूला बांधून ठेवा. काही गाड्यांत ब्रेक प्लेट शाफ्टबरोबरच बाहेर येते. तिथे ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल सोडावी लागते आणि शेवटी ब्रेकची हवा काढावी लागते. नट काढल्यावर मधे पातळ शिम (फट भरायच्या चकत्या) निघाल्या तर त्या ज्या बाजूच्या, त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवा.

शाफ्ट हातानं क्वचितच येतो. स्लाइड हॅमर (दांड्यावरचं वजन बाहेरच्या बाजूला आपटून ओढायचं हत्यार) मिळाला तर छानच. मेस्त्री लोकांची जुनी युक्ती अशी: ड्रम उलटा करून स्टडांवर घालायचा, चाकाचे नट टोकाशी चार-पाच आटे बसवायचे आणि ड्रम दोन्ही हातांनी आपल्याकडे हिसकायचा. तो नटांवर आपटतो आणि शाफ्ट प्रत्येक दणक्याला थोडा थोडा सुटतो. दणके सरळ बाहेर, दमानं द्या. गाडी घोड्यांवर आहे हे विसरू नका. सुटला की एका हातानं खालून आधार देत शाफ्ट आडवा, सरळ ओढा. तो वाटतो त्यापेक्षा बराच जड असतो.

सील

नळीच्या तोंडात टॉर्च मारा. जुनं सील काढण्याआधी ते नळीत किती खोल आहे ते व्हर्नियरनं किंवा निदान काडीवर खूण करून मोजा. सीलमधली स्प्रिंग कुठल्या तोंडाला आहे ते बघा. मग सील पुलरनं किंवा टॉमीच्या वाकड्या टोकानं ओठाला, म्हणजे शाफ्टला घासणाऱ्या आतल्या रबरी कडेला, अडकवून काढा. टेकू सीलच्या पत्र्यावर द्या, नळीच्या भिंतीवर नको. भिंतीला ओरखडा पडला तर नवं सील त्या चरीतून बाहेरून झिरपेल आणि तुम्ही सीलला दोष देत बसाल.

सील काढल्यावर हातात घ्या. माझ्या जुन्या सीलचा ओठ नख लावलं तर वाळलेल्या चिंचेच्या फोलपटासारखा तुटत होता. साधं रबर, म्हणजे नायट्राइल, साधारण १०० अंश सेल्सियसच्या पुढे फार काळ राहिलं की कडक होतं. घाटात, वजन भरून चालणाऱ्या गाडीचं डिफरन्शियल चांगलंच तापतं. असं रबर दिसलं तर सीलनं वय झाल्यावर मान टाकली असं समजा. पण ओठ मऊ, शाबूत असताना गळत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

शाफ्ट पुसून सीलचा ओठ जिथे घासतो ती जागा बघा. तिथे चकचकीत पट्टा असतोच. त्यावरून नख आडवं फिरवा. पट्टा नुसता दिसत असेल पण नखाला लागत नसेल तर बारीक एमरी तेलात भिजवून गोल फिरवत साफ करा, शाफ्टच्या लांबीत कधीच घासू नका. नख चरीत अडकत असेल तर एमरीनं काही होणार नाही. मग दोन मार्ग: जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर अलीकडे बसवा म्हणजे ओठ नव्या जागी घासेल, किंवा शाफ्टवर पातळ दुरुस्ती स्लीव्ह चढवा. दोन्ही जमत नसेल तर शाफ्ट बदला.

आणि बेअरिंग. शाफ्ट हातात आहेच, बेअरिंग बोटांनी फिरवा. खरखर लागली, अडखळलं किंवा आडवं हलवल्यावर खटखट केलं तर सील बदलून उपयोग नाही. शाफ्ट आत डगमगतो आणि सीलचा ओठ एका बाजूनं उघडा पडतो. हे काम सुरू करण्याआधीही कळू शकतं: चाक हवेत असताना वर-खाली धरून हलवायचं. मी पहिल्यांदा ते केलं नव्हतं. नशिबानं बेअरिंग चांगलं होतं.

नवं सील बसवणं

नळीची भिंत पुसून कोरडी करा, गंजाची धार असेल तर एमरीनं मारा. सीलची बाहेरची कड उघड्या पत्र्याची असेल तर सीलंटचा अगदी पातळ हात द्या, रबर चढवलेली असेल तर नुसतं तेलाचं बोट. स्प्रिंग तेलाकडे, म्हणजे डिफरन्शियलकडे. ओठावर गिअर ऑइल लावा आणि दोन ओठांचं सील असेल तर मधल्या चरीत थोडं ग्रीस भरा. कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो.

सील हातानं सरळ टेकवा, त्यावर पाइपचा तुकडा धरा आणि घड्याळाच्या १२, ६, ३, ९ अशा जागी हलके हलके ठोका. एका बाजूनं तिरकं गेलं तर थांबून सरळ करा, जोर करून दाबू नका. ठोकण्याचा आवाज पोकळ आहे तोवर ते सरकतंय. आवाज घट्ट झाला की टेकलं. नळीत टेकायला पायरीच नसेल तर मघाशी मोजलेल्या खोलीवर थांबायचं.

शाफ्ट परत घालताना सगळ्यांची चूक एकच. शाफ्टच्या टोकाला स्प्लाइनचे धारदार दात असतात. शाफ्ट नळीत झोकून दिला तर ते दात नव्या सीलच्या ओठावरून घसटत जातात आणि शाफ्ट बसायच्या आधीच सील फाटतं. खालून हाताचा आधार देत, ओठाला न टेकवता, आडवा सरळ न्या. दात आतल्या गिअरमधे लागत नसतील तर चाकाचा फ्लँज किंचित फिरवा. लागल्यावर शाफ्ट बेअरिंगसकट बसतो. चार नट आळीपाळीनं, पुस्तकातल्या टॉर्कनं.

ब्रेक प्लेट आणि ड्रम ब्रेक क्लीनरनं धुवा. चिंधीवर डाग येईनासा होईपर्यंत धुवा. नवे लायनर, ड्रम, चाक. ब्रेकचा पाइप सोडला असेल तर हवा काढा.

ब्रीदर

आता माझ्या दुसऱ्या गळतीचं. सगळं नवं बसवलं होतं, शाफ्ट गुळगुळीत होता, बेअरिंग ठीक होतं, तरी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचल्यावर टायरवर पुन्हा आरे. आमच्या मेस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “ब्रीदर बघितलात का?”

हाउसिंगच्या वरच्या अंगाला, नळीवर, बोटाच्या पेराएवढी टोपी असते. काही गाड्यांत तिथून रबरी नळी वर चॅसीकडे जाते. तेल तापतं, आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. टोपी बंद झाली की हवा सर्वांत कमकुवत वाट शोधते, आणि ती वाट म्हणजे सीलचा ओठ. उलटही होतं: तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. दुधाळ तेल तिथून येतं. कोकणात पावसाळ्यात जाणाऱ्यांनी नळी असेल तर तिचं टोक उंच बांधलंय ना, ते बघावं.

माझा ब्रीदर काढला तर आतून मातीचा गोळा निघाला. कुंभारमाशीनं नळीच्या तोंडात घरटं बांधलं होतं, सुबक लिंपून. टाचणीनं फोडून, ब्रेक क्लीनरनं धुऊन, तोंडानं फुंकून हवा जाते का बघितलं. मग सील दुसऱ्यांदा बदललं, तिसऱ्यांदा बदलावं लागलं नाही. तेच सील अजून आहे. ओठावर दाब येत नाही, म्हणून ते गळत नाही.

तुम्ही हे सील बदलण्याआधीच करा. दहा मिनिटांचं काम आहे.

तेल भरणं आणि तपासणं

खालचा प्लग नव्या वॉशरसह लावा. गाडी जमिनीवर, सपाट असताना वरच्या भोकातून तेल भरा. भोकाच्या खालच्या कडेला तेल आलं की थांबायचं. करंगळी घालून बघा. जास्त भरू नका, फुगलेलं तेल पुन्हा सीलवरच येतं. माझ्या गाडीला पावणेदोन लिटर लागतं, तुमचा आकडा पुस्तकात बघा.

जुनं तेल गटारात किंवा नाल्यात ओतू नका. कॅनमधे भरून गॅरेजच्या वापरलेल्या तेलाच्या पिंपात द्या.

मोकळ्या रस्त्यावर आधी हळू जा, चार-पाच वेळा ब्रेक दाबून लायनर बसू द्या. वीस किलोमीटर फिरून आल्यावर ड्रमला हात न लावता त्याच्याजवळ तळहात धरा. एक बाजू दुसरीपेक्षा फार तापली असेल तर लायनर घट्ट आहेत. चाकाचे नट १०० किलोमीटरनंतर परत टॉर्क रेंचनं बघा. रात्री दोन्ही मागच्या चाकांच्या आत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा. आठ दिवस रोज सकाळी तो काढून बघायचा, आणि त्यातली निदान एक रात्र घाट उतरून आल्यानंतरची असू दे.